द्राक्षवेलीचा प्रवास : कापिशीपासून नाशिकपर्यंत

माघ संपत आला की इंदूरच्या फळबाजारात द्राक्षांच्या पेट्या उतरू लागतात. फाल्गुन-चैत्रात तर राजवाड्यापासून पाटणीपुऱ्यापर्यंत हातगाड्या हिरव्या-काळ्या घडांनी भरून जातात. ही द्राक्षे बहुतेक आग्रा-मुंबई रस्त्याने येतात. हा रस्ता महूपुढे घाट उतरतो, खलघाटाला नर्मदा ओलांडतो, सेंधवा, शिरपूर, धुळे, मालेगाव मागे टाकतो आणि चांदवडला पोहोचतो. तेथे होळकरांचा रंगमहाल असल्यामुळे इंदूरकराला ते गाव परके वाटत नाही. चांदवड सोडून पिंपळगाव बसवंत आणि ओझर या गावांच्या शिवारात शिरले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षांचे मांडव दिसू लागतात.

या मुलखातील काही वेलींची फळे मात्र हातगाडीवर कधीच येत नाहीत. त्यांचे मणी बारीक, साल जाड आणि पोटात बिया असतात. गोडीबरोबर चांगलाच आंबटपणा असतो. खाण्यासाठी कोणी ती विकत घेणार नाही. ती कारखान्यात जातात आणि त्यांची वाइन होते. भारत हा वाइन करणारा देश आहे, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. वाइन म्हटली की फ्रान्स, इटली, पोर्तुगाल ही नावे आठवतात. परंतु या वेलीचा आपल्या देशाशी असलेला संबंध फार जुना आहे, आणि त्यातील एक-दोन प्रकरणे तर माळव्याच्या भूमीवरच घडलेली आहेत.

संस्कृतात द्राक्षाला ‘द्राक्षा’ आणि ‘मृद्वीका’ अशी दोन नावे आहेत. पाणिनीने अष्टाध्यायीत कापिशी या नगरीच्या नावावरून ‘कापिशायन’ हा शब्द साधण्यासाठी एक स्वतंत्र सूत्र घातले आहे. ही कापिशी म्हणजे अफगाणिस्तानातील आजचे बेग्राम. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्याची कामे सांगताना मद्याचे निरनिराळे प्रकार दिले आहेत. त्यांत धान्यापासून केलेली मद्ये आहेत, गुळापासून केलेली आहेत, आणि द्राक्षाच्या रसाचे ‘मधु’ हेही आहे. या मधूला कौटिल्य त्याच्या देशावरून कापिशायन आणि हारहूरक अशी नावे देतो. दोन्ही नावे वायव्येकडची आहेत. म्हणजे प्रदेशावरून वाइनला नाव देण्याची जी रीत आज युरोपची म्हणून ओळखली जाते, ती आपल्याकडेही होती. तसेच द्राक्षाचे मद्य तेव्हा गंगाकाठचे घरगुती पेय नव्हते, ते दूरच्या मुलखाचे होते, हेही यावरून कळते.

आयुर्वेदाने मात्र द्राक्ष आपलेसे केले. द्राक्षासव आणि द्राक्षारिष्ट ही औषधे आजही वैद्यांकडे मिळतात. आसव-अरिष्टे आंबविण्यासाठी त्यांत धायटीची फुले घालतात, आणि आंबण्याच्या क्रियेतून त्यांत आपोआप थोडा मद्यार्क तयार होतो. मद्याचे नाव काढताच कानांवर हात ठेवणाऱ्या घरांतही द्राक्षासवाची बाटली निःशंकपणे फडताळात ठेवलेली असते. यात दांभिकपणा पाहण्याचे कारण नाही. पदार्थ तोच असला तरी मात्रा आणि हेतू बदलला की त्याचे नाव आणि स्थान बदलते, ही जाण आपल्या परंपरेत होती, एवढेच यातून दिसते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची माहिती देणारे पुस्तक लिहिले. ‘पेरिप्लस’ या नावाने ते ओळखले जाते. त्यात बारिगाझा म्हणजे भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तीत वाइन आहे. इटलीच्या वाइनला विशेष मागणी असे, आणि लाओडिसिया व अरबस्तान येथूनही ती येई. राजासाठी निवडक वाइन निराळी आणली जाई. त्याच पुस्तकात ‘ओझेने’ या नगरीचा उल्लेख आहे. ओझेने म्हणजे आपली उज्जयिनी. तेथून अकीक आणि तलम वस्त्रे भडोचकडे जात. दक्षिणेकडून पैठण आणि तगर म्हणजे तेर येथील माल गाड्यांवरून त्याच बंदराला पोहोचे. १९५४ ते १९५६ या काळात डॉ. हसमुख सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली नेवासे येथे उत्खनन झाले, तेव्हा प्रवरेच्या काठी दुमुठी रोमन कुंभांचे तुकडे सापडले. असल्या कुंभांतून वाइन, तेल वगैरे माल येत असे. पश्चिम भारतातील काही तुकडे रोमन नसून इराणच्या आखाताकडील निमुळत्या रांजणांचे आहेत, असे पुढील अभ्यासात ठरले. पण कुंभ कोठलेही असोत, क्षिप्रा आणि गोदावरी या दोन्ही नद्यांच्या काठांचा समुद्रापलीकडच्या द्राक्षमळ्यांशी व्यवहार होता, याविषयी शंका उरत नाही.

दक्षिणेत वेल केव्हा रुजली, हे नेमक्या सालासह सांगता येत नसले तरी चौदाव्या शतकात ती येथे होती. महंमद तुघलकाच्या काळात आलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने दौलताबादेच्या द्राक्षांची आणि डाळिंबांची नोंद करताना, त्यांना वर्षातून दोनदा फळ येते असे लिहिले आहे. हे वाक्य ध्यानात ठेवण्यासारखे आहे. उष्ण प्रदेशातील वेलीचे सारे मर्म त्यात आहे. त्याचा उलगडा पुढे होईल.

मोगल काळातील कथा आपल्या अधिकच जवळची आहे. जहांगीर बादशहाने १६१७ सालचा पावसाळा मांडवगडावर काढला. इंग्रज वकील सर टॉमस रो हाही त्या वेळी त्याच्या छावणीत होता. आपल्या मद्यपानाविषयी जहांगीराने आत्मवृत्तात विलक्षण मोकळेपणाने लिहिले आहे. आरंभी तो द्राक्षाची वाइन घेई. पुढे तिची धुंदी पुरेनाशी झाली, म्हणून तो दोनदा गाळलेल्या अर्काकडे वळला आणि दिवसाला वीस प्याल्यांपर्यंत गेला. हात इतके कापू लागले की दुसऱ्याने प्याला तोंडाशी धरावा लागे. हकीम हुमामने स्पष्ट इशारा दिल्यावर त्याने प्रमाण कमी केले. त्याचा भाऊ दानियाल इतका सुदैवी नव्हता. बऱ्हाणपुरात त्याच्यावर पहारा बसविला होता, तरी एका नोकराने बंदुकीच्या नळीत अर्क भरून आणला. नळीतला गंज त्यात उतरला होता. तो प्याल्यावर दानियाल अंथरुणास खिळला आणि १६०५ साली मरण पावला. आंबविलेली वाइन आणि गाळलेला अर्क यांत अंतर किती, आणि पहिल्या पायरीवरून दुसरीवर जाणे किती सोपे, या दोन्ही गोष्टी या एका घराण्याच्या इतिहासात एकत्र सापडतात.

१५१० साली गोवे पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले, आणि वाइन तेथे धर्मविधीबरोबर आली. कॅथलिक मिस्सामध्ये द्राक्षाच्या रसाचीच शुद्ध वाइन लागते. दुसरे कोणतेही पेय चालत नाही. त्यामुळे जेथे देऊळ तेथे वाइनची गरज असे. गोव्यात आज ‘पोर्ट’ या नावाने जी गोड वाइन होते, ती बहुधा बंगलोर ब्ल्यू या जांभळ्या द्राक्षाची असते. हे द्राक्ष अमेरिकन रक्ताचे असून पोर्तुगालच्या मूळ पोर्टशी त्याचे नाते नावापुरतेच आहे. इंग्रजी अमदानीत काश्मीरच्या महाराजांनी फ्रान्सहून वेली आणवून लावल्या, आणि १८८३-८४ च्या कलकत्त्याच्या मोठ्या प्रदर्शनात हिंदी वाइन मांडली गेली. परंतु त्याच सुमारास फायलोक्सेरा नावाची बारीक कीड जगभर पसरत होती. ही कीड अमेरिकेतून १८६० नंतर युरोपात शिरली. ती मुळांवर जगते. मुळे कुजतात आणि वेल उभी वाळते. युरोपातील लक्षावधी एकर मळे तिने ओसाड केले, आणि काश्मीरचे मळेही तिच्या तावडीतून सुटले नाहीत. अखेरीस उपाय सापडला तोही अमेरिकेतच. तेथील रानवेलींच्या मुळांना ही कीड फारशी बाधत नाही. म्हणून मूळ अमेरिकन आणि वरची काडी युरोपियन, असे कलम करण्याची पद्धत रूढ झाली. महाराष्ट्रातील बागाही आज बहुतेक डॉगरिजसारख्या अमेरिकन खुंटावर उभ्या आहेत. येथे मात्र कारण निराळे आहे. खारवट जमीन आणि पाण्याची टंचाई हा खुंट सोसतो.

खाण्याच्या द्राक्षांची महाराष्ट्रातील कथा विसाव्या शतकाची आहे. भोकरी, फकडी, हबशी, पांढरी साहेबी या जुन्या जाती. पुण्याला गणेशखिंडीच्या बागेत डॉ. चीमा यांनी पांढऱ्या साहेबीच्या रोपांतून निवड केली; ती ‘चीमा साहेबी’ म्हणून प्रसिद्ध झाली. नंतर थॉमसन सीडलेस हे बिनबियांचे द्राक्ष आले आणि त्याने जुन्या जाती हटविल्या. याच जातीच्या एखाद्या वेलीवर निराळा घड दिसला, तो चाणाक्ष शेतकऱ्याने हेरला आणि त्याच्या काड्या वाढविल्या, अशा रीतीने तासगावला ‘तास-ए-गणेश’ आणि सोलापूरजवळच्या नान्नजला ‘सोनाका’ या जाती मिळाल्या. भारतातील द्राक्षांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक आज एकट्या महाराष्ट्रात पिकतात. वाइनसाठी मात्र तो काळ अनुकूल नव्हता. १९४९ सालच्या मुंबई दारूबंदी कायद्याने आणि राज्यघटनेच्या ४७ व्या कलमाने राज्याचे धोरण मद्याच्या विरुद्ध ठरविले होते. बाग फुलली, पण ती पंगतीसाठी आणि बेदाण्यासाठी.

वाइनचा नवा अध्याय तीन गावांनी लिहिला. पहिले पुणे जिल्ह्यातील नारायणगाव. १९८० नंतर शामराव चौगुले यांनी तेथे फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने फेसाळ वाइन तयार केली, आणि ‘ओमर खय्याम’ या नावाने ती परदेशी गेली. दुसरे बंगळूरजवळचे नंदी; तेथे कंवल ग्रोव्हर यांनी १९८८ मध्ये फ्रेंच जातींच्या जोरावर कारखाना काढला. तिसरे नाशिक. अमेरिकेतील नोकरी सोडून आलेल्या राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाच्या परिसरात ‘सुला’चा मळा उभारला आणि २००० साली त्याची पहिली वाइन बाजारात आली. आज देशातील वाइनचा मोठा वाटा नाशिक जिल्ह्यातून येतो. दिंडोरी, निफाड, इगतपुरी हे तिचे मुख्य तालुके. ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावाला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ इटालियन जाती लावल्या आहेत. सांगलीकडे पलूस येथे आणि नाशिककडे विंचूर येथे सरकारने वाइन उद्यानांसाठी जागा राखल्या. विंचूर हे पेशवाईतील विंचूरकर सरदारांचे गाव, हे जाणकारांना सांगावयास नको. आपल्या माळव्यातही रतलामकडे द्राक्षे आणि वाइन यांचे प्रयोग झालेले आहेत.

आता दौलताबादच्या त्या दोन बहारांचा उलगडा. फ्रान्समध्ये हिवाळ्यात बर्फ पडते, वेल पाने गाळून झोपी जाते आणि वसंतात जागी होते. वर्षाला एक पीक. आपल्याकडे तशी थंडी नसल्याने वेल झोपतच नाही. तिला दोनदा बहार धरता येतो, परंतु पावसात येणारे फळ कुजते. म्हणून शेतकरी वर्षातून दोनदा कात्री चालवितो. एप्रिलमध्ये ‘खरड छाटणी’. तिने जुने लाकूड जाऊन नव्या काड्या येतात, आणि उन्हाळ्याच्या प्रखर प्रकाशात त्या काड्यांच्या डोळ्यांत पुढच्या घडांची बीजे तयार होतात. ऑक्टोबरमध्ये, पाऊस सरल्यावर, ‘गोडी छाटणी’. तिच्यानंतर फुटणाऱ्या कोंबांवर घड धरतात आणि जानेवारी ते मार्च या कोरड्या दिवसांत पिकतात. म्हणजे युरोपात शरदात होणारी तोडणी येथे हिवाळ्याच्या अखेरीस होते. नाशिकची समुद्रसपाटीपासूनची सुमारे ६०० मीटर उंची येथे उपयोगी पडते. निफाडला काही वर्षी पारा पाच अंशांखाली जातो. दिवसाच्या उन्हाने साखर वाढते आणि रात्रीच्या गारव्याने आंबटपणा टिकतो. चांगल्या वाइनला हे दोन्ही हवे असतात.

जातींविषयी थोडे सांगितले पाहिजे. पांढऱ्या वाइनसाठी नाशिकला शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ या दोन जाती चांगल्या मानवल्या. पहिली फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातली. तिच्यात आंबटपणा भरपूर असल्याने ती उन्हातही निस्तेज होत नाही. दुसरीला हिरव्या मिरचीसारखा आणि पेरूसारखा वास येतो. तांबड्या वाइनसाठी शिराझ आणि काबर्ने सोव्हिन्यों. शिराझ हे नाव इराणातील शहराचे असल्याने ती जात तेथून आली असे पूर्वी मानीत. पण ती फ्रान्समधील दोन स्थानिक जातींच्या संकरातून झाल्याचे आनुवंशिक परीक्षणाने सिद्ध झाले आहे. काबर्ने सोव्हिन्योंची गोष्ट अधिक गमतीची. या काळ्या, कडक द्राक्षाची एक जनक जात काबर्ने फ्राँ आणि दुसरी चक्क पांढरी सोव्हिन्यों ब्लाँ आहे, असे १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी दाखविले. नावात दोघांचीही खूण शेकडो वर्षे होती; ती वाचावयास विज्ञानाला यावे लागले.

वाइन होते कशी? द्राक्ष चिरडले की त्याच्या रसातील साखरेवर यीस्ट हे सूक्ष्म जीव तुटून पडतात. साखरेचा मद्यार्क होतो आणि कर्बवायू निघून जातो. हे काम सजीवांचे आहे, असे एकोणिसाव्या शतकात लुई पाश्चरने दाखवून दिले. लिटरभर रसातील सुमारे १७ ग्रॅम साखरेपासून एक टक्का मद्यार्क होतो. म्हणून तेरा टक्क्यांच्या वाइनला सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास साखर लागते. गर बहुतेक जातींत पांढराच असतो. साली काढून रस आंबविला तर वाइन पांढरी होते. सालींसह आंबविला तर रंग आणि तुरटपणा उतरून ती तांबडी होते. उष्ण हवेत हा रस भलताच वेगाने आंबून बिघडतो, म्हणून आपल्याकडे थंड ठेवलेल्या पोलादी टाक्यांवाचून हा उद्योग उभाच राहिला नसता.

उद्योग उभा राहिला; परंतु शेतकऱ्याचे काय झाले, हा खरा प्रश्न आहे. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण जाहीर केले आणि अबकारी करात सवलत दिली. कारखाने भराभर निघाले. खाण्याच्या द्राक्षाला अवकाळी पाऊस, गारपीट, भुरी आणि केवडा यांचे भय नित्याचे. वाइनच्या द्राक्षाला ठरलेला भाव मिळेल या आशेने पुष्कळांनी ती वेल लावली. २००८ साली जगभर मंदी आली, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले रिकामी पडली आणि वाइन टाक्यांतच राहिली. अनेक लहान कारखान्यांनी माल उचलला नाही, कित्येकांचे पैसे थकले. नारायणगावचा तो पहिला मोठा कारखानाही कर्जाखाली बुडाला. खाण्याचे द्राक्ष मुंबईत विकले नाही तर इंदूरला जाते, इंदूरला नाही तर त्याचा बेदाणा होतो. वाइनच्या द्राक्षाला एकच दार असते. ते बंद झाले की घड वेलीवरच सुकतो. नाशिक जिल्ह्यात शेतकऱ्यांनी उभ्या वेली उपटल्या, त्या या कारणाने. लावलेली वेल फळावर यायला दोन-तीन वर्षे लागतात आणि ती पुढे पंधरा वर्षे जगते. तेव्हा एका हंगामाच्या तोंडी शब्दावर तिची लागवड करणे म्हणजे मुलीचे लग्न ओळखीवाचून ठरविण्यासारखे आहे. दीर्घ मुदतीचा लेखी करार, भाव ठरविण्याची उघड रीत आणि थोडे क्षेत्र खाण्याच्या जातींखाली ठेवण्याची सावधगिरी, हा त्या वर्षांचा धडा होय.

दुसरा वाद समाजाचा आहे. २०२२ च्या जानेवारीत महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्यास मान्यता दिली, तेव्हा एका बाजूने शेतकऱ्याचे हित आणि दुसऱ्या बाजूने घरांची काळजी, असा मोठा संघर्ष उभा राहिला. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, आणि तो निर्णय अमलात आला नाही. मध्यप्रदेशात १ एप्रिल २०२५ पासून उज्जैनसह १९ धर्मस्थळी मद्यविक्री बंद झाली. तरीही उज्जैनच्या कालभैरवाला मद्याचा नैवेद्य दाखविण्याची प्रथा प्राचीन आहे. असा हा गुंता एका कायद्याने सुटणारा नाही. वाइन हे फळाचे उत्पादन आहे, हे खरे. ती मद्य आहे, हेही तितकेच खरे. मद्याचे कोणतेही प्रमाण सर्वस्वी निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले आहे. ‘वाइन म्हणजे दारू नव्हेच’ असे म्हणणारा जितका चुकतो, तितकाच ‘द्राक्ष बागायतदार म्हणजे दारू गाळणारा’ असे म्हणणाराही चुकतो.

पुढल्या फाल्गुनात हातगाडीवरील घड हातात घेताना एवढे आठवावे. ज्या रस्त्याने तो आला त्याच्या दोन्ही अंगांना वर्षातून दोनदा कात्री चालते, आणि ऑक्टोबरापासून तोडणीपर्यंत एका कुटुंबाची नजर आभाळाकडे लागलेली असते. रस पंगतीत गेला काय किंवा टाकीत गेला काय, वेल वाढविणाऱ्याच्या पदरात काय पडले, ही चौकशी करणे हे खाणाऱ्याचे आणि पिणाऱ्याचे, दोघांचेही कर्तव्य आहे.